म्हातारीच्या पंखावरची रेघ

हवाई दलाच्या विमानतळाच्या कुंपणाला समांतर जाणाऱ्या रस्त्यावर, चष्म्याचे एक दुकान आणि किल्ल्या करून देणारा एक कारागीर यांच्या मधोमध, जेमतेम दोन माणसे शेजारी उभी राहतील एवढ्या रुंदीचा एक स्टुडिओ होता. समोर पांढरा पडदा, एक उंच स्टूल, कोपऱ्यात आरसा आणि आरशाला दोरीने बांधलेला कंगवा. ओळखपत्राचे फोटो, शाळेच्या वर्गांचे फोटो, लग्नाचे फोटो हा तिथला रोजचा धंदा. पण हा धंदा करणारी बाई वर्षातले काही दिवस शटर ओढून घेई, जाड हातमोजे आणि कानटोपी पिशवीत कोंबी आणि कुंपणाच्या पलीकडे जाई. तिथे तिला सगळे फोटोबाई म्हणत. लढाऊ विमाने जोडीने उडत असताना त्यांचे आकाशातून फोटो काढणारे त्या तळावर दुसरे कुणी नव्हते.

या कामाला ती कशी लागली, हे सांगायचे तर थोरल्या भावापासून सुरुवात करावी लागते. आईवडील लागोपाठ गेले तेव्हा ती शाळकरी होती आणि भाऊ तळावर विमानदुरुस्तीच्या खात्यात नुकताच चिकटला होता. घरी तिच्याकडे पाहायला कुणी नसे, म्हणून तो तिला शाळेतून थेट हँगरमध्ये आणी. हत्यारांच्या पेटीवर वही ठेवून तिने पाढे लिहिले, उघड्या इंजिनांच्या वासात तिला झोपा लागल्या. बदली होऊन जाणाऱ्या एका अधिकाऱ्याने आपला जुना कॅमेरा भावाच्या गळ्यात मारला आणि भावाने तो तिच्या गळ्यात घातला. “बघ काही जमतंय का. नाही जमलं तर पेपरवेट म्हणून वापर,” एवढेच तो म्हणाला होता. भाऊ पुढे तळाचा मिस्त्री झाला. मिस्त्री हे त्याचे पद नव्हते, पण शिपायापासून साहेबापर्यंत त्याला दुसऱ्या नावाने हाक मारल्याचे कुणाच्या स्मरणात नव्हते. तो तिला धाकटे म्हणे. तिचे केस पांढरे झाले तरी ती धाकटीच राहिली.

तळाच्या मागच्या अंगाला, गवतात बुडालेला एका जुन्या, नाकावर पंखा फिरणाऱ्या विमानाचा सांगाडा वर्षानुवर्षे पडून होता. मागल्या पिढीने लढाईत वापरलेले ते विमान. पुढचा-मागचा असे दोन बैठकांचे, जाड मानेचे, रुंद पंखांचे. निवृत्त होताना मिस्त्रीने सत्काराची शाल घेतली आणि वरिष्ठांकडे तो सांगाडा मागितला. विमान तळाचेच राहील, त्याने फक्त ते उभे करावे, असे ठरले. पुढची कितीतरी वर्षे तो आणि त्याच्यासारखेच दोनचार निवृत्त सवंगडी त्या सांगाड्याला लागले होते. त्यातले एकेक जण गळत गेले, मिस्त्री उरला. वहिनी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगे, “यांनी उतारवयात सवत आणलीय. तीही लोखंडाची.” त्यावर तो वर्तमानपत्रातून मान न काढता म्हणे, “लोखंडाची नाही. अॅल्युमिनियमची.”

ज्या दिवशी ते विमान धावपट्टी सोडून वर गेले त्या दिवसापासून त्याचे नाव म्हातारी पडले. तळाच्या वार्षिक प्रदर्शनात ती नव्या जेटच्या जोडीने उडू लागली. जेटला लोक नात म्हणत आणि त्या जोडउड्डाणाला आजी-नात.

आजी-नातीचा फोटो काढणे हे काम लांबून पाहणाऱ्याला वाटते त्याहून वाकडे आहे. त्यासाठी तिसरे एक विमान लागते. त्याचे मागचे दार काढून ठेवतात, फोटो काढणाऱ्याला पट्ट्यांनी विमानातल्या जमिनीशी जखडतात, आणि खिशातले पेन, गळ्यातली साखळी, चष्म्याची डबीसुद्धा खाली काढून घेतात, कारण वाऱ्यावर उडालेली एखादी क्षुल्लक वस्तू मागच्या विमानाच्या पोटात गेली तर अनर्थ. उड्डाणाआधी सगळे वैमानिक काँक्रीटवर पायी उडतात. चांगल्या मिशा फुटलेली माणसे हात पंखांसारखे पसरून, ठरल्या अंतराने, ठरल्या क्रमाने चालतात, वळतात, पुन्हा जवळ येतात. परक्या माणसाला तो वेड्यांचा बाजार वाटावा. पण जे पायी जमत नाही ते वर जमत नाही, असा त्यांचा पक्का समज असतो आणि तो खोटा नाही.

खरी अडचण वेगाची. म्हातारी जीव तोडून पळत असे आणि नात तिच्यासाठी रांगत असे. त्या संथ वेगाला जेट नाक वर करून, शेपटीवर बसल्यासारखे, कसेबसे तरंगत राही. दुसरी अडचण पंख्याची. कॅमेऱ्याची झडप फार चपळ ठेवली तर फिरता पंखा फोटोत गोठतो आणि विमानाचे इंजिन हवेत बंद पडल्यासारखे दिसते. या धंद्यात गोठलेला पंखा म्हणजे लग्नाच्या फोटोत मिटलेले डोळे. म्हणून झडप संथ ठेवायची, आणि संथ झडपेत हात जराही हलला तर दोन्ही विमाने पुसट. शंभरातले नव्वद फोटो फेकून द्यायचे आणि उरलेल्यांपैकी एकासाठी देवाचे आभार मानायचे, असा हा व्यवहार होता.

सुरुवातीच्या मोसमांत ती त्यांचे सरळ उडतानाचे फोटो काढी. ते तिला भिंतीवर टाचणीने टोचलेल्या फुलपाखरांसारखे वाटत. मग तिने वळण मागायला सुरुवात केली. दोन्ही विमाने तिच्या बाजूला कलून वळली की त्यांची पाठ दिसे, पंखांवर ऊन सांडे, आणि खालची जमीन तिरकी होऊन सगळ्या चित्राला ओढ लागे. दाराशी जखडलेली ती कानातल्या यंत्रावर आपल्या विमानाच्या चालकाला सांगे, आणि चालक, ज्याला सगळे सारथी म्हणत, ते पुढे रेडिओवर पोचवी. “बाई म्हणतायत, अजून थोडं वळा.” म्हातारी चालवणारे निवृत्त कप्तान रेडिओवरच कुरकुरत. “अजून थोडं म्हणजे किती ते विचार. म्हातारीची कंबर आहे, नर्तकीची नव्हे.” पण वळत. वळणात पंखांवर विमानाच्या वजनाहून कितीतरी अधिक भार येतो, हे फोटोबाईला माहीत होते. हँगरमध्ये वाढलेल्या मुलीला ते माहीत नसणार कसे? पण माहीत असणे आणि मनात असणे यांत अंतर असते, आणि दाराशी बसल्यावर तिच्या मनात फक्त ऊन असे.

फोटो निवडला की टचिंग. म्हातारीला जन्मापासून घाम फार, असे मिस्त्री म्हणे. तिच्या अंगावर तेलाचे शिंतोडे, धुराची काजळी, काचेवर चिरडलेले किडे असायचेच. तळाच्या कॅलेंडरला मात्र चकचकीत चित्र हवे असे. ओळखपत्राच्या फोटोतली पुटकुळी ती ज्या सवयीने घालवी, त्याच सवयीने म्हातारीचे डागही संगणकावर घालवी. एकदा पंखाच्या पत्र्यावरच्या वळ्या पाहून तिने भावाला विचारले होते. तो हसला होता. “पातळ पत्रा आहे, धाकटे. वळणात चुरगळतो, सरळ झाला की पुन्हा सपाट. या वयात सुरकुत्या असायच्याच.” त्यात चूक काहीच नव्हते.

ज्या वर्षाची ही गोष्ट, त्या वर्षी प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी सकाळी रंगीत तालीम झाली. दुपारी स्टुडिओत ती फोटो निवडायला बसली. एक फोटो फारच साधला होता. पंखा धूसर, दोन्ही विमाने लख्ख, म्हातारीची पाठ सोन्यासारखी. तिने तो मोठा केला आणि सफाईला सुरुवात केली. शेपटीवरचा शिंतोडा गेला, काचेवरचा डाग गेला. मग डाव्या पंखाच्या मुळाशी, जिथे पंख धडाला मिळतो तिथे, एक तिरकी वळी आणि तिच्या कडेने काळसर रेघ होती. तिचा हात तिथे गेला आणि अर्धी रेघ पुसूनही झाली.

हात थांबला तो रेघेमुळे नव्हे. तिच्या लक्षात आले की डोळ्याने ती जागा शोधण्याआधीच हात तिथे पोचला होता. हाताला वाट ठाऊक होती.

तिने मागल्या वर्षीचा मूळ फोटो काढला, टचिंगच्या आधीचा. रेघ होती, बोटभर आखूड. त्याच्या आधीच्या वर्षीचा काढला. तिथे वळी अंधुक होती आणि काळेपण तुटकतुटक, पत्रा ज्यांनी जोडलेला असतो त्या रिव्हेटांच्या टोकांपाशी फक्त. तिने तीनही चित्रे शेजारी लावली. काजळी इंजिनाकडून मागे वाहत येते; ही रेघ पुढून आलेली नव्हती. ती एकेका रिव्हेटपासून सुरू होत होती. सुरकुत्या येतात आणि जातात. ही एकाच जागी राहून वाढत होती. आणि दर वर्षी कुणीतरी ती नीट, मायेने पुसली होती.

बाहेर एक गिऱ्हाईक काचेवर टकटक करत होते. तिने त्याला हातानेच नंतर या म्हटले.

उद्या म्हातारीच्या मागच्या बैठकीत मिस्त्री बसणार होता. इतकी वर्षे तिथे कुणी ना कुणी मोठा पाहुणा बसे. जिने त्याचे गुडघे खाल्ले त्या म्हातारीतून मिस्त्री स्वतः एकदाही उडाला नव्हता, आणि मागणे त्याच्या स्वभावात नव्हते. यंदा कप्तानांनीच पाय रोवले होते. “मागे मिस्त्री बसेल, नाहीतर पुढे मी बसणार नाही.” त्या दिवसापासून भाऊ तरुण झाल्यासारखा वागत होता. रेघ म्हणजे उन्हाचा खेळ निघाला, तर तिने त्याच्या आयुष्यातला एकुलता एक दिवस उगीच नासवला असे होणार होते. आणि रेघ खरी निघाली, आणि ती गप्प राहिली, तर? ते वाक्य तिने मनातही पुरे केले नाही. कप्तानांना थेट फोन लावता आला असता. पण मिस्त्रीच्या हातच्या कामात खोट आहे, हे त्याला डावलून बहिणीने परस्पर दुसऱ्याला सांगावे, हे तिला जमण्यासारखे नव्हते. तिने तीनही चित्रे मोठ्या कागदावर छापली, गुंडाळली आणि भावाचे घर गाठले.

वहिनी बाहेरच्या खोलीत त्याच्या जाकिटाला इस्त्री करत होती. भाऊ पाटावर बसून बुटांना पॉलिश करत होता.

“या वन्सं, बघा थाट,” वहिनी म्हणाली. “आमच्या लग्नात याच माणसाचे बूट न पुसताच फोटो निघाले. उद्या सवतीबरोबर फिरायला जायचंय तर तोंड दिसेल इतकी चकाकी.”

“लग्नात बूट कुणी बघत नाही,” भाऊ म्हणाला. “धाकटे, सकाळचे कसे आलेत? पंखा फिरतोय ना?”

“फिरतोय.”

“मग तोंड का असं?”

तिने कागद जमिनीवर पसरले आणि कोपऱ्यांवर पॉलिशची डबी, ब्रश, हाताला येईल ते ठेवले. मग रेघेवर बोट ठेवले. त्याने चष्मा लावला, वाकला, पहिला कागद पाहिला.

“काजळी.”

“दादा, ती रिव्हेटपासून निघतेय.”

“उजेडाने तसं वाटतं.”

“तीन वर्षांचे फोटो आहेत. उजेड तिन्ही वेळा वेगळा होता.”

त्याने उरलेले दोन कागद पाहिले. बराच वेळ. वहिनीची इस्त्री जाकिटावर एकाच जागी थांबली होती. करपल्याचा वास आला तशी तिने ती चटकन उचलली.

“हे कॅलेंडरात नव्हतं,” तो म्हणाला.

“मी पुसत होते.”

“मग यंदाही पूस.”

त्याचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर तिला बरे वाटले असते. “तुला काय दिसतंय ते मला कळत नाही असं नाही,” तो पुढे म्हणाला. “पण पत्र्याच्या आत काय आहे ते पत्रा उघडल्याशिवाय कळत नाही, आणि उघडला तर मोसम गेला. उद्या एकदा होऊ दे. कप्तानला सांगतो, वळण घेऊ नका. सरळ जाऊ, सरळ येऊ. परवा मी स्वतः उघडतो. दोन दिवसांनी काय आभाळ कोसळतंय?”

तिला ते पटावेसे वाटले. इतके वाटले की तिने मान हलवायला सुरुवातही केली होती. सरळ उड्डाण, वळण नाही, भार नाही. मग परवा.

“आणि कप्तानसाहेबांना काय सांगणार, वळण का नको?” वहिनीने इस्त्री उभी करून ठेवत विचारले.

“सांगेन काहीतरी.”

“काहीतरी म्हणजे खोटं.” ती आता जाकीट घडी करत होती, कुणाकडेच पाहत नव्हती. “तुमचा जीव तुमचा आहे. पुढे बसणाऱ्याला न सांगता त्याचा जीव तुम्ही कोणत्या नात्याने वापरणार, ते मला सांगा. मी अडाणी आहे, मला विमानातलं कळत नाही.”

भावाने एक बूट पायात घातला, मग दुसरा. पॉलिश अजून ओले होते.

हँगरमध्ये उद्याच्या तयारीची गडबड दुसऱ्या टोकाला होती. म्हातारीच्या बाजूला शांतता होती. तालमीवरून परतल्यावर मिस्त्रीने तिला नेहमीसारखे नखशिखांत पुसले होते आणि ती तशी उभी होती, पाहणाऱ्याची दृष्ट लागावी अशी. डाव्या पंखाच्या मुळाशी काही म्हणता काही नव्हते. वळी नाही, रेघ नाही. फोटोबाईला क्षणभर आपलीच शंका आली.

“टोकाला जा,” भाऊ म्हणाला. “पंखाखाली खांदा लाव. मी सांगितलं की उचलायचं, मग सोडायचं. जोर नको, झोका दे.”

तो स्वतः मुळाशी गेला आणि जुन्या माणसाची नाडी पाहावी तशी बोटे पत्र्यावर ठेवून, कान लावून उभा राहिला. तिने खांदा दिला. पंख किंचित उचलला गेला, किंचित बसला. “परत.” तिने परत केले. “परत.” टोकाशी तिला काहीच ऐकू येत नव्हते, ती फक्त त्याच्या चेहऱ्याकडे पाहत होती आणि तो चेहरा कुणीतरी कुजबुजत असल्यासारखा एका बाजूला झुकत चालला होता. शेवटी त्याने हात वर करून तिला थांबवले. बोट पाहिले. ती जवळ गेली. बोटाच्या टोकाला काळी भुकटी होती.

“काजळी नाही,” तो म्हणाला. “काजळी चिकट असते. ही कोरडी आहे. आत रिव्हेट हलतायत. पत्र्यावर पत्रा घासून हे पीठ पडतंय.” त्याने बोटावर बोट घासले. “हे फडक्यावर रोज यायचं, धाकटे. रोज. मी फडकं धुवायचो.”



त्याने भिंतीवरच्या फोनवरून कप्तानांना लावले. ती शेजारीच उभी होती. पलीकडचा आवाजही ऐकू येत होता.

“उडेल का?” सगळे ऐकून घेतल्यावर कप्तानांनी विचारले.

“उडेल. आजवर उडालीच की.”

“मग?”

“मी तिला वर सोडणार नाही.”

कप्तान म्हणाले, “मिस्त्री, तू उद्या बसणार होतास.”

“हो,” भाऊ म्हणाला आणि फोन ठेवला.

प्रदर्शनाच्या दिवशी तांत्रिक कारण सांगण्यात आले आणि लोकांनी ते उन्हासारखेच सहन केले. नात एकटी उडाली. तिच्या तरुण वैमानिकाने दुसरे काही बसवलेलेच नव्हते, म्हणून तो ठरल्याप्रमाणे संथ, नाक वर करून, शेजारी जागा सोडून गेला. त्या जागेत कोण असायला हवे होते, हे जाणणारे मैदानावर फार थोडे होते. मिस्त्री घरीच होता. तो आजारी नव्हता, पण त्या दिवशी त्याने दार उघडले नाही.

पुढे पंख उघडला. ज्या दांड्यावर पंख तोलला जातो त्या मुख्य दांड्याला, धडाशी जोडलेल्या भागात, तडा होता. तज्ज्ञांना विचारले, हा कधी तुटला असता? त्यांनी खांदे उडवले. कदाचित पुढच्याच उड्डाणात, कदाचित आणखी पुष्कळ वर्षांनी. तडा आपला बेत कुणाला सांगत नाही. या उत्तरानेच सगळे बिघडले. संकट टळले असे छातीठोकपणे कुणाला म्हणता येईना, त्यामुळे म्हातारी खाली बसली एवढीच गोष्ट उरली. चहाच्या टपरीवर बोलणी होत. “चांगली उडत होती. बहिणीने एक फोटो काढला आणि भावाची म्हातारी खाली बसवली.” दुरुस्ती झेपण्यासारखी नव्हती. म्हातारीला प्रवेशद्वाराजवळ चौथऱ्यावर उभे करायचे ठरले, चाके सिमेंटात पक्की करून.

चौकशी समिती बसली. समितीने मिस्त्रीला विचारले, “रोज पुसत होतात, दिसलं नाही?” तो म्हणाला, “दिसलं. मी काजळी समजलो.” एवढेच. बाजू मांडली नाही. फोटोबाई बोलावल्याशिवाय आत गेली आणि म्हणाली की पुसत तीही होती, तीन वर्षे, तिचेही लिहून घ्या. अध्यक्षांनी तिला बसायला खुर्ची दिली, पाणी दिले आणि अत्यंत सौजन्याने सांगितले, “बाई, तुमचा यात काही संबंध येत नाही.” हँगरची किल्ली मिस्त्रीकडून परत घेण्यात आली. अपमान कुणी केला नाही. सही करून घेतली, हात जोडले.

त्यानंतर काही दिवस भावाने तिच्याशी बोलणे टाकले. वहिनी निरोप देई. ते निरोप वहिनीचेच असत. “बोलतील वन्सं. सध्या माझ्याशीही हूं-हूंच चाललंय.” मग एका दुपारी तो स्टुडिओत आला, उंच स्टूल ओढून संगणकाशी बसला आणि म्हणाला, “मूळ फोटो काढ. सगळे. न पुसलेले.”

तेव्हापासून तो रोज येऊ लागला. गिऱ्हाईक आले की उठून आरशाशी उभा राही, गेले की पुन्हा बसे. भिंग घेऊन तो एकेका चित्रात डाव्या पंखाचे मूळ शोधी, शेवटून सुरुवातीकडे. काय शोधतो आहे हे त्याने सांगितले नाही. तिने विचारायचीही गरज नव्हती. पहिल्या मोसमानंतर हिवाळ्यात त्याने त्याच जागची रिव्हेटांची एक ओळ स्वतःच्या हाताने बदलली होती. तडा तिथून सुरू झाला का, एवढेच त्याला हवे होते. आपल्या हाताने म्हातारी मोडली का?

तिने हे सगळे फोटो आधीच, एकटीने, पाहून ठेवले होते. काळेपणाचा पहिला ठिपका कोणत्या मोसमात दिसतो, हे तिला माहीत होते. ते चित्र ती दोन दिवस टाळत आली होती. आधी दुसरे काढी, मग यंत्र हळू चालते म्हणे. तिसऱ्या दिवशी तिने ते उघडले आणि खुर्ची बाजूला केली.

“इथे आहे पहिला,” ती म्हणाली. “याच्या आधी नाही. हा वळणाचा पहिला मोसम, दादा. मी मागितलं होतं. कप्तानसाहेब नको म्हणत होते, आणि मी अजून थोडं, अजून थोडं म्हणत राहिले. तुझी ओळ त्याच्या आधी बसवलेली होती आणि ती नीट होती.”

त्याने भिंग लावले. ठिपका खरोखरच ठिपका होता, मुंगीएवढा. तो इतका वेळ वाकून राहिला की तिला वाटले, डोळा लागला.

“वळणाने तडा जात नाही,” तो म्हणाला. “वळणाने तो दिसतो.”

“हे माझ्यासाठी म्हणतोयस का?”

“मी तुझ्यासाठी कधी काही म्हटलंय?” त्याने भिंग सदऱ्याला पुसले. “याच्या आधीचे काढ. सरळ उडतानाचे.”

“त्यांत काही नाही. मी पाहिलेत.”

“सरळ उडताना असला तरी दिसायचा नाही, धाकटे. म्हणून तर बघायचंय.”

तिला काहीतरी बोलायचे होते. न दिसणारी गोष्ट शोधायला किती दिवस लागतात, हे विचारायचे होते. दोष आपला आहे, तो आपल्याकडे राहू दे, असे सांगायचे होते, आणि तो राहू देणार नाही हेही ठाऊक होते. तिने पहिल्या मोसमाची चित्रे उघडली, टाचणीने टोचलेल्या फुलपाखरांसारखी, एकाखाली एक. त्याने स्टूल आणखी पुढे सरकवले आणि म्हणाला, “मोठा कर. आणखी मोठा.”